लंग म्हणजे हलकं

"तरंगतंय! मावशी, तरंगतंय!" पहिल्या बाकावरची मुलगी एवढ्यांदा ओरडली की शेजारच्या वर्गातलं गणित नक्की चुकलं असणार.

बादलीत बोकडाच्या फुप्फुसाचा तुकडा बुचासारखा तरंगत होता. यकृताचा केव्हाच तळाला गेला होता. विज्ञानाचे सर आले नव्हते. नववीच्या पोरींना गप्प बसवायला प्रयोगशाळेच्या मावशींना पाठवलं होतं, आणि मावशींनी तेवढं सोडून सगळं केलं होतं.

"म्हणून इंग्रजीत त्याला लंग म्हणतात. मूळ अर्थ हलकं. आपला 'लघु' आणि हा 'लंग' एकाच आजीची नातवंडं!"

"काहीही हं, मावशी!"

"काहीही कसं? कपाटातला जाडा शब्दकोश काढ आणि बघ."

एकोणीस वर्षं प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरच्या इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या मावशीच लिहीत होत्या. अक्षरं पुसट झाली की पुन्हा नव्या. अर्थ न कळता नुसतं गिरवत बसायचं हे त्यांना पटेना, म्हणून डबा खाऊन झाला की शब्दकोश उघडायच्या.

"मावशी!"

दारात मुख्याध्यापिका.

"तुमचं काम बरण्या पुसायचं, शिकवायचं नाही. चार वाजेपर्यंत माफीनामा द्या. नाहीतर उद्यापासून गेटवर."

प्रयोगशाळा सुटणार? मावशींना डोळे मिटूनही कुठली बरणी कुठे आहे ते सांगता येईल, अशी ती खोली.

"लिहून टाका हो," शिपाईदादांनी मधल्या सुट्टीत समजावलं. "'चूक झाली.' दोन शब्द. कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय ना, दादा."

चारच्या ठोक्याला त्यांनी कागद दिला. मुख्याध्यापिकांनी चष्मा चढवला.

'मी नववीच्या वर्गाला लंग या शब्दाचा अर्थ व उगम सांगितला. तो बरोबर आहे. चूक आढळल्यास कळवावे.' खाली ठसठशीत सही.

"हा माफीनामा आहे?"

"नाही, बाई."

मुख्याध्यापिकांना चूक काही काढता आली नाही. प्रयोगशाळेच्या किल्ल्या मात्र त्यांनी काढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी गेटवर मावशींसाठी स्टूल ठेवलं होतं. मावशींनी त्यावर पिशवी ठेवली आणि स्वतः ताठ उभ्या राहिल्या.

"मावशी, किडनी हा शब्द कुठून आला हो?" आत जाता जाता एकीनं हळूच विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही," मावशी म्हणाल्या, ऑफिसच्या खिडकीपर्यंत पोचेल अशा आवाजात. "आणि कोशात तसं स्वच्छ लिहिलंय."