मोहाचा गोड धूर

त्या वर्षी चैत्राचे आभाळ निळे उगवलेच नाही. डोंगरामागून सूर्य यायचा तो घासायची राहिलेल्या तांब्याच्या ताटलीसारखा, तेजोहीन, धूम्रवस्त्र पांघरलेला. आणि त्याच्या खाली वीस घरांची टोली मुकाट पडून असायची.

अंगणात धूर. विहिरीच्या तोंडावर धूर. भाताच्या वाफेत धूर, लुगड्याच्या घडीत धूर.

वणवा विझून चार दिवस झाले होते. आग मेली, असे वनरक्षक सांगून गेला होता. मग हा धूर कुणाचा?

बुधाबाईच्या मांडीवर दोन महिन्यांची नात होती. कोरड्या पानांवरून मुंगूस जावे, तसा तिच्या छातीत श्वास वाजायचा. तान्ह्या पोरांना तपासायला येणाऱ्या आशाताईने बजावले होते, रविवारपर्यंत धूर सरला नाही तर पोरीला नदीपलीकडे, तिच्या आजोळी न्या. इथे ती तगायची नाही. सुनेने, मंदाने, गाठोडे बांधून उंबऱ्याशी ठेवले होते. आज शनिवार होता.

बुधाबाईचे नाक म्हातारे झाले नव्हते. बांबूचा धूर डोळ्यांना चावतो, तेंदूचा घशात बसतो, गवताचा येतो तसा निघून जातो. हा धूर गोड होता. गोड आणि आंबूस.

मोहाचा होता.

फुले वेचायला सोपी जावीत म्हणून मोहाखालचा पाला पेटवून द्यायचा, ही टोलीची जुनी रीत. पण फाल्गुनात साऱ्या टोलीने शपथ घेतली होती: यंदा खराटा, काडी नाही. म्हणजे कुणीतरी खोटे बोलले होते.

संशयाला पाय नसतात, तरी तो दारोदार फिरला. बुधाबाई प्रत्येक कुडाशी थांबली, प्रत्येक हात निरखला. शेजारच्या चिंधाबाईचे हात काळे दिसले. काळे का? चार दिवस ती नजर चुकवते आहे. का?

ती चिंधाबाईच्या दारात उभी राहिली.

"काय हुंगून रायली वो बुधाबाई? म्या काय कोंबडी शिजवली?"

"मोहाखाली काडी लावली का तू?"

"जा, पाहून ये! पाच झाडं हायेत माही. पाचीखाली खराटा मारला, कंबर मोडून घेतली." चिंधाबाईने काळे हात कमरेवर ठेवले. तव्याची काजळी होती ती. "आन् तुह्या मोहाखाली कोणं झाडलं वो? तुही कंबर तं वाकतच नाही."

बुधाबाई नाल्याच्या दिशेने वळली.

चार दिवस ती सगळीकडे फिरली होती. फक्त एका झाडाखाली गेली नव्हती.

नाल्यापलीकडे, बांबूच्या बेटाआड, तिचा मोह उभा होता. वृद्ध, विशाल, आतून पोकळ. एका पहाटे तिने तिथे एकच काडी ओढली होती. मूठभर पाला. वर माती लोटली होती, पायाने दाबली होती. विझला, असे स्वतःला सांगितले होते.

निखारा पोकळ बुंध्यात शिरला होता. तिथूनच काळी वाट डोंगरावर चढली होती. आणि अजूनही त्या मुळांतून, आडव्या पडलेल्या फांदीतून, दाट, गोड धूर सरपटत निघत होता; बेटातून नाल्यात, नाल्यातून टोलीत, टोलीतून एका इवल्या छातीत.

कुणी पाहिले नव्हते. दोन ओंजळी माती टाकून परत फिरता आले असते.

बुधाबाई नाल्याच्या काठावर आली आणि सगळ्या टोलीला ऐकू जाईल असे ओरडली, "पाणी आणा वो! माहाच मोह जळून रायला! म्याच लावला होता!"

पहिली घागर चिंधाबाईची आली. तिने ती पोकळीत रिकामी केली. झाड सर्पासारखे फुत्कारले. तिने बुधाबाईकडे पाहिले नाही, मागच्या बाईला एवढेच म्हणाली, "आणखी आण."

संध्याकाळपर्यंत घागरी येत राहिल्या. त्या दिवशी बुधाबाईशी कुणी बोलले नाही.

रविवारी आभाळाच्या एका कडेला निळे दिसले. पोरीच्या छातीतले मुंगूस अजून चालत होते, पण दूर, पण हळू. मंदाने गाठोडे सोडले नाही. फक्त उंबऱ्यावरून उचलून आत ठेवले.

नाल्यापलीकडे, अर्ध्या जळालेल्या मोहाची एक फांदी अजून फुलत होती. काळ्या जमिनीवर फिकट पिवळी फुले टपटपत होती. एकेक स्पष्ट, एकेक लांबून दिसणारे, बुधाबाईला हवे होते अगदी तसे.

टोपली रिकामी होती. फूल पडत होते. ती पाहत होती.