व्हॉल्व्हला लावलेलं कुंकू

तिसरा व्हॉल्व्ह तुटला तेव्हा मी टेस्ट रिगला सणसणीत लाथ घातली. माझा पाय सुजला, रिगला काहीही झालं नाही.

रिगवर, म्हणजे चाचणीच्या सांगाड्यावर, बसवलेलं इंजिन १९३१ सालच्या रेसिंग कारचं. असल्या गाड्यांचे व्हॉल्व्ह तापून लाल व्हायचे आणि दांड्यापाशी तुटायचे. गाडीचे मालक मिस्टर गोह यांना ती पुन्हा पळवायची होती. मी इथे परदेशातल्या विद्यापीठात पोस्टडॉक. नवा व्हॉल्व्ह रिगवर सलग साठ तास टिकवायचा, एवढंच माझं काम. सोमवारी रिव्ह्यू. तोवर जमलं नाही तर प्रोजेक्ट बंद, माझा इथे राहण्याचा पास रद्द आणि क्लेमेंटीतली भाड्याची खोली सोडून मी परत पिंपरीला. पोलाद तीनदा बदललं, तरी तीस-बत्तीस तासांत कडाड! आता एकच व्हॉल्व्ह उरला होता.

गुरुवारी बाबांचा फोन आला. बाबा पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर होते.

"अश्लेषा, आज खंडेनवमी. मशीनला हळदकुंकू लावलंस?"

"बाबा, ही लॅब आहे."

"मग काय झालं? ज्याच्या जिवावर जेवतेस, त्याला लाव."

चिडले, पण लावलं. आईने बॅगेत कोंबलेली डबी होतीच. हात तेलकट, त्यामुळे व्हॉल्व्ह बसवता बसवता त्याची सगळी कड लालभडक झाली. रिग दोन मिनिटं नुसता फिरवून पाहिला, तेवढ्यात सेफ्टी ऑफिसर मिस्टर चुआ उगवले आणि त्यांना कुंकवाची डबी दिसली.

"धिस रेड पावडर नॉट इन युअर फॉर्म, लाह! ओपन अँड क्लीन!"

झालं, दोन तास वाया! दातओठ खात मी व्हॉल्व्ह बाहेर काढला आणि बघतच राहिले. अर्धी कड लख्ख पुसलेली, अर्धी तशीच लाल.

म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो, त्या बैठकीवर तो पूर्ण टेकतच नव्हता! एकाच बाजूने आदळत होता आणि दर वेळी दांडा किंचित वाकत होता, मिनिटाला दोन हजार वेळा. पोलाद बिचारं निर्दोष. बैठक तिरकी होती, आणि ती मीच बसवली होती.

"मिस्टर चुआ, यू आर अ जीनियस!" मी किंचाळले. ते दोन पावलं मागे सरले.

शुक्रवारी दिवसभर बैठक घासून सरळ केली. पुन्हा कुंकू, पुन्हा दोन मिनिटं. या वेळी कड सगळीकडून सारखी पुसली गेली. संध्याकाळी सहाला रिग सुरू केला. रविवारी सकाळी धावतच लॅबमध्ये शिरले, तर अडतीस तास झाले होते! सोमवारी नऊला सगळे रिव्ह्यूला आले तेव्हा त्रेसष्ट तास उलटले होते आणि रिग अजून गर्जतच होता. मिस्टर गोहनी माझे दोन्ही हात धरले, सोडेचनात.

मी बाबांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"अगं, आम्ही निळा रंग लावून तेच बघायचो," बाबा म्हणाले. "व्हॉल्व्ह बसवला की पहिलं काम ते. मला विचारायचंस की!"

मला लाजच वाटली. तीन महिने ते रोज विचारत होते, काम कसं चाललंय, आणि मी रोज म्हणत होते, तुम्हाला नाही कळायचं.

"बाबा, आता नवे व्हॉल्व्ह येतायत, पुढचा शुक्रवारी बसवतेय. फोनवर राहाल?"

"किती वाजता?" त्यांनी लगेच विचारलं.