अल्थियाचं बारसं

चुलीतून ओढून काढलेलं, अर्धवट जळकं लाकूड.

गुलखैऱ्यासारखं फुलणारं, खोकल्यावर चालणारं एक झुडूप.

पाळण्याला बांधलेले हिरवे फुगे. त्यातला एक फुटका.

ग्रीक ‘अल्थोस’ : बरं होणं.

एमआयडीसीच्या बसमध्ये, डुलक्या घेताना, ओमला मोबाइलवर सापडलेला शब्द.

फुगे सोडले तर बाकी सगळं एकाच नावात होतं : अल्थिया. ओमच्या मुलीचं नाव. ते बाळाच्या कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणजे ओमची बहीण सेजल हिचा. पोलादपूरच्या वरच्या वाडीत बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या, पण सेजलचं तोंड उतरलेलं. ओम ‘बरं करणारी’ या अर्थावरच थांबला होता. सेजलने आज सकाळी पुढचं वाचलं होतं.

“वहिनी, हे नाव नको,” ती वैशालीच्या कानाशी लागली.

सुंदराबाईने ऐकलंच. “का गो? ऐन बारशात आत्या रुसली?”

“रुसले नाही, आई. अल्थिया नावाची एक राणी होती. तिचा मुलगा सात दिवसांचा असताना नशीब ठरवणाऱ्या बाया आल्या...”

“सटवी.”

“तशाच. पण तिघी. म्हणाल्या, चुलीतलं हे लाकूड जळून संपलं की हा संपला.”

“अगो बाय! मग?”

“आईनं लाकूड ओढून विझवलं. पेटीत जपून ठेवलं.”

“शानी हाय. कुठल्या गावची?”

“ग्रीसची! आता पुढचं ऐक. मुलगा मोठा झाला. शिकारीच्या भांडणात त्यानं तिच्याच भावांना मारलं. तेव्हा तिनं ते लाकूड परत चुलीत घातलं. आणि मग स्वतःचाही जीव घेतला.”

घुगऱ्या वाढणारे हात थांबले. ओम पाळण्याची दोरी धरून उभा होता. सुंदराबाईने लेकाकडे बघितलं, मग लेकीकडे.

“भाऊ पन गेलं, पोर पन,” ती म्हणाली. “तिच्याजवळ कोन नाय व्हतं? थांब गो जरा, म्हनायला?”

“गोष्टीत तरी कोणी नाही.”

वैशालीने बाळाचं टोपडं सारखं केलं. “ताई, नाव आवडलं नाही, की भीती वाटते?”

“भीती वाटते.”

“मलाही वाटते. पण दुसरं ठेवलं म्हणून थोडीच जाणार आहे? तुम्ही सांगा. मी इथंच आहे.”

सेजल वाकली. बाळाच्या कानामागे खोबरेल तेलाचा वास होता. तिने नाव सांगितलं. पहिल्यांदा चाचरत, मग नीट. बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले. सगळ्यात जोराचा सुंदराबाईचा.

बाळंतपणात, महाडच्या दवाखान्यात वैशालीला शुद्ध नव्हती, तेव्हा या मुलीला पहिलं दूध चमच्याने पाजलं होतं ते सेजलने.