घुबडाच्या पाठीवरची चीर

मित्रांनो, तुमच्या आजोबांच्या पणजोबांनाही माझ्यापुढे बाळच म्हणावं लागेल, इतका मी जुना आहे. मी एक ग्रीक नाणं. अस्सल चांदीचं. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी आणि मागे डोळे वटारून बसलेलं तिचं घुबड. रुबाबात मी आजही कुणाला हार जाणार नाही.

माझा जन्म घणाखाली झाला. चांदीची तापलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवली, वरून एक सणसणीत घाव घातला आणि झालो तयार! घाव जरा तिरका बसला, त्यामुळे देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा काठाबाहेरच राहिला. आजच्या नाण्यांसारखा मी गोल गरगरीत नाही. पण ती सगळी एकसारखी, माझ्यासारखा मीच.

पुढे मी जहाजांतून फिरलो, बाजार पालथे घातले. एका परक्या बंदरात व्यापाऱ्याला माझा संशय आला. तांब्यावर चांदीचा मुलामा चढवून लोकांना गंडवणारे तेव्हाही होतेच. त्यानं छिन्नी घेतली आणि घुबडाच्या पाठीवर खोल चीर पाडली. आतही चांदीच! त्याचा चेहरा खुलला. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून माझ्या खरेपणाबद्दल कुणी शंका घेतली नाही.

मग कुणीतरी मला मडक्यात घालून पुरलं आणि परत न्यायला आलंच नाही. शतकानुशतकं मी मातीत पडून होतो. फार एकटं वाटायचं.

बाहेर निघाल्यावर या हातातून त्या हातात जात मी एका संग्राहकाकडे पोचलो. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं मला जपलं. डोळ्यांच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी मला धाकट्या भावाच्या स्वाधीन केलं. भाऊ दातांचे डॉक्टर, आणि त्यांनाही नाण्यांचं वेड. ते बहिणीला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो.

डॉक्टरांनी मला भिंगाखाली धरलं. घुबडाची पिसं बघून ते हरखले. मग त्यांना चीर दिसली आणि हात शिवशिवायला लागले. जन्मभर दातांतली भोकं बुजवलेला माणूस तो! "ताई खूश होईल," असं पुटपुटत त्यांनी चिरेत दातांचं सिमेंट भरलं, घासून गुळगुळीत केलं आणि वर चंदेरी रंगही लावला. मी आतल्या आत ओरडत होतो, पण आमचं कोण ऐकतं?

काही दिवसांनी ताई काळा चष्मा लावून आल्या. अजून त्यांना धूसर दिसत होतं. त्यांनी मला तळहातावर घेतलं, उलटं केलं आणि घुबडाच्या पाठीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा पडला.

"हे माझं नाणं नाही."

"अगं ताई, तेच आहे!"

"मला शिकवू नकोस. दिलंस ना कुणाला अदलाबदलीत? तुम्हा नाणेवेड्यांचं काही सांगता येत नाही." त्यांनी मला टेबलावर ठेवून दिलं. "मला दिसत नाही म्हणून काहीही हातात ठेवशील होय रे? तुझे भावोजी गेल्यापासून रोज ती चीर चाचपते मी. ते म्हणायचे, 'जगानं याची परीक्षा घेतली आणि हा पास झाला, त्याचा हा शिक्का.'"

डॉक्टरांचा चेहरा कसानुसा झाला. "चुकलो गं ताई. मीच बुजवली ती."

ताईंचा विश्वास बसेना. मग डॉक्टरांनी मला दिव्याखाली घेतलं. दात कोरायच्या मशीनला हातही लावला नाही. बारीक आकडीनं ते सिमेंटचा एकेक कण काढू लागले. त्यांच्या कपाळावर घाम जमला होता.

"पेशंटला दुखत नाही ना, ते विचार आधी," ताई फणकारल्या.

शेवटचा कण निघाला. ताईंनी मला हातात घेतलं आणि त्यांचं नख अलगद चिरेत बसलं. मग "गाढवा!" म्हणत त्यांनी भावाच्या पाठीत धपाटा घातला आणि रडू लागल्या. मलाही भरून आलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण घासूनपुसून त्यांना नवं करायला निघू नका. माझं काळवंडणं, माझं तिरकेपण, माझी चीर ही माझी आयुष्यभराची कमाई आहे. दुरुस्तीला हात घालण्याआधी घरात एकदा विचारा. तुम्हाला जे मोडकं वाटतं, त्यालाच धरून कुणीतरी आपल्या माणसाला भेटत असतं.