मालकांचा फोन

बाबा गेल्याचं आमच्या गाडीला कुणी सांगितलं नव्हतं. चावी फिरवली की स्टिरिओच्या निळ्या पट्टीवर आधी 'शोधत आहे' असं यायचं, मग 'मालक' असं यायचं आणि गाणं सुरू व्हायचं. मालक म्हणजे बाबांचा फोन. फोनला ते नाव त्यांनी स्वतःच दिलं होतं. "घरात कुणी म्हणत नाही, निदान गाडीने तरी म्हणावं," असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, "मालक म्हणे! स्वतःचे मोजे कुठल्या खणात आहेत ते विचारा या मालकांना."

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. दिवसभर लोकांना उभं नेणाऱ्या यंत्रात डोकं घालून बसायचे आणि स्वतः आडवे निघाले की गाडीत जुनी गाणी ऐकायचे. फोनमध्ये गाणी खच्चून भरलेली, आणि कुठल्यानंतर कुठलं लागेल ते फोनच्या मर्जीवर. त्यांनी एकही गाणं सलग ऐकलं असेल असं मला वाटत नाही. मुक्काम आला की चावी काढायचे, पुन्हा गाडीत बसले की गाणं जिथे तुटलं तिथून सुरू. एक कडवं या गल्लीत, दुसरं त्या गल्लीत, आणि मधे एक बिघडलेली लिफ्ट.

छातीत दुखतंय म्हणून ते हॉस्पिटलात गेले तेही गाडी स्वतः चालवत, आई शेजारी. गाडी पट्ट्यांच्या आत अगदी सरळ लावली, आरसा आत दुमडला, आणि आत चालत गेले. आईला काचेच्या दाराबाहेर बसवलं. "थोड्या वेळाने भेटा," असं आतून सांगितलं. तो थोडा वेळ काही आला नाही. आली ती एक प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात घड्याळ, चष्मा आणि फोन.

दोन दिवसांनी आम्ही गाडी आणायला गेलो. आईच्या मांडीवर तीच पिशवी होती. ती तिने तोवर खाली ठेवलेलीच नव्हती. मी चावी फिरवली. शोधत आहे. मालक. आणि गाणं एका शब्दाच्या मधूनच सुरू झालं. मी दचकून बंद करायला गेलो तर आईने माझं मनगट धरलं.

"असू दे," ती म्हणाली. "त्यांचं व्हायचंय अजून."

फोन अर्थातच कुलूपबंद. तो उघडायचा बाबांच्या बोटाने. शेवटच्या दर्शनाच्या वेळी भाऊजींनी माझ्या कानात विचारलंही होतं, "अंगठा लावून घेऊ या का? नंतर नाही जमायचं." ते ताईने ऐकलं. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊजींनी स्वतःचाच अंगठा मुठीत लपवला. आता वाटतं, त्या गर्दीत शहाणा माणूस तो एकच होता.

पण कुलूप असलं तरी फोन आणि स्टिरिओची जुनी ओळख. ते एकमेकांना बिनदिक्कत भेटत राहिले. आईने फक्त एक गोष्ट मनाशी पक्की केली, की हा फोन बंद पडू द्यायचा नाही. त्यामुळे तो सतत चार्जिंगला. रात्री उशाशी, गाडीत डॅशबोर्डवर आणि दिवसा तिच्या कामाच्या जागी. आई शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते. तिच्या टेबलावर एका बाजूला निळ्या कापडाचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला वायर लावलेले मालक. अतिदक्षता विभागात ठेवल्यासारखे. तिथल्या बायका कुजबुजल्या तरी फोनपासून लांब जाऊन कुजबुजायच्या.

रोज सकाळी मी तिला कारखान्यावर सोडायचो आणि मग माझ्या कामाला जायचो. मी एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवतो. कारखान्याचं दार आलं तरी आई उतरायची नाही. चालू गाणं संपल्याशिवाय नाहीच. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवायचे.

"अहो, काल पण हेच लावलं होतंत," ती स्टिरिओला म्हणायची. कधी नुसतं हसायची. एकदा म्हणाली, "हे मुद्दाम लावलंय. भांडण झालं की हेच लावायचे."

"आज भांडण कशावरून?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय? आमचं आमचं आहे."

मला रोज उशीर. लॅबचे साहेब घड्याळाकडे न बघता विचारायचे, "काय रे, आज किती कडवी होती?"

एकदा मी तिला समजवायला गेलो. म्हटलं, "आई, हीच गाणी माझ्या फोनवर आहेत. सगळी. आवाजही जास्त स्वच्छ येतो."

"ती गाणी आहेत. हे तुझे बाबा आहेत."

"आई, हा फोन आहे."

"बरं. मग तुझे बाबा कुठायत ते सांग, मी तिकडे जाऊन बसते."

 

मग एक दिवस फोन चुलीवरच्या भाकरीसारखा फुगायला लागला. एका कोपऱ्यातून काच उचलली गेली होती. आईने त्याला आपल्या केसांचं रबर गुंडाळलं आणि मला काही बोलली नाही. मी पाहिलं तेव्हा दोन रबरं झाली होती.

"हे काय?"

"पोट सुटलंय जरा. या वयात त्यांनाही सुटलं होतं."

"आई, बॅटरी फुगलीय. पेट घेईल."

"उगाच काहीतरी. आयुष्यात कधी कुणावर चिडले नाहीत ते."

मी रबरांसकट मालकांना उचललं आणि कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे नेलं. आई बरोबर आलीच. त्याच्या दुकानावर 'मोबाईलचे डॉक्टर' अशी पाटी आहे. डॉक्टरने फोन पाहिला आणि स्वतःची खुर्ची मागे सरकवली.

"काकू, हा किती दिवस चार्जिंगला होता?"

"गेले त्या दिवसापासून."

"कोण गेलं?"

"ज्यांचा फोन आहे ते."

 डॉक्टरने वाळूची बादली पुढे ओढून फोन तिच्यात ठेवला, हळूच, बाळाला ठेवावं तसा. "आता चार्जिंग अजिबात नाही. बंद करायचा, बॅटरी काढायची. हवं तर नवी टाकून देतो."

आईचा चेहरा उजळला. "मग बिघडलं कुठे? नवी टाका."

"टाकेन काकू. पण पुन्हा चालू झाला की आधी पॅटर्न मागणार. ठिपके जोडून रेघ काढायची ना, ती. तिथे बोट चालत नाही. ती रेघ मिळेपर्यंत हा मुका. गाडीशी नाही, कुणाशीच बोलणार नाही."

"त्यांची रेघ मला माहीत असेल," आई म्हणाली. "एवढा संसार केलाय."

"मग आत्ताच काढून बघा. चालू आहे तोवर."

आईने बादलीत वाकून रेघ काढली. आपल्या नावाचं अक्षर असावं, मी बाजूने पाहिलं. फोन थरथरला: चूक. आईने पदराने बोट पुसलं. मग तिने ताईचं अक्षर काढलं. चूक. माझं काढलं. तेही चूक. म्हणजे निदान घरात हेवेदावे व्हायला जागा उरली नाही, तिघंही सारखेच आपटलो. मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "चौकोन काढून बघ, बाबांना सरळ गोष्टी आवडायच्या." चूक. मागून भाऊजी म्हणाले, "मी सांगत होतो, अंगठा..." आणि फोन कट झाला. बाबांच्या कंपनीतला त्यांचा जोडीदार म्हणाला, "खालून वर सरळ रेघ काढा, लिफ्टवाला माणूस आहे." आम्ही खालून वर गेलो, वरून खाली आलो. मग फोननेच सांगितलं, आता बराच वेळ थांबा.

"बायकोलाही सांगितली नाही," आई म्हणाली. "एवढं काय होतं त्यात लपवण्यासारखं?"

"काकू, कुणीच सांगत नाही," डॉक्टर म्हणाला. "माझ्या बायकोला माझी माहीत नाही. आत काहीच नाही माझ्या. तरी नाही सांगितली." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, अर्ध्याच्याही खाली आलाय चार्ज. तसाही संध्याकाळपर्यंत जाईल. पण त्याची वाट नका बघू. आजच बंद करून आणा. आणि वाळूतच ठेवा."

आईने घरी येऊन दूध तापवायचं पातेलं घेतलं. शेजारच्या बांधकामावरून मी वाळू आणली. तिथल्या मुकादमाने विचारलं, "कशाला हवी?" मी म्हटलं, "बाबांसाठी." त्याने आणखी एक घमेलं भरून दिलं.

"एकदा फिरवून आण आम्हाला," आई म्हणाली.

निघालो. मालक पातेल्यात, वाळूवर. पातेलं आईच्या पायाशी, वर झाकण. खिडक्या उघड्या, कारण मी हट्ट धरला होता. शोधत आहे. मालक. झाकणाखालून, वाळूतून गाणं बाहेर आलं ते कसलीही तक्रार न करता.

पहिलं गाणं आई ओठ मिटून ऐकत होती. दुसऱ्याला तिने बोटाने गुडघ्यावर ताल धरला. तिसरं लागल्यावर म्हणाली, "हे ऐकताना ते आरशात बघून भांग पाडायचे. भांग! होते किती केस!" आणि खूप हसली, हसताना तिला ठसका लागला. मी गोदामांच्या मागच्या रस्त्याला गाडी घातली. सरळ रस्ता आहे तो, सुट्टीच्या दिवशी चिटपाखरू नसतं. मी एका कडेला थांबवली.

"आई, आता बंद करायला हवा. मी करू की तू?"

"हे होऊ दे."

ते झालं. दुसरं लागलं. "हेही होऊ दे." तेही झालं. मी वाकून झाकणाला हात लावून पाहिला. कोमट होतं.

"आई."

"मी नाही बंद करणार," ती म्हणाली. "मी दाबलं तर मीच मारल्यासारखं होईल. आणि तू दाबलंस तर तुझ्याशी जन्मभर बोलणार नाही. आधीच सांगते."

"मग आपोआप बंद पडायची वाट बघायची?"

"तीच बघत बसले होते ना तिथे. काचेबाहेर. कधी गेले ते कुणी सांगितलं? आत नर्स चहा पीत होती तेव्हा गेले असतील, मी लघवीला गेले होते तेव्हा गेले असतील. मला काय कळलं?"

 गाण्यात कुणीतरी कुणाचीतरी वाट बघत होतं. त्या काळात सगळेच बघायचे.

मग आईने दार उघडलं, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि रस्त्यावर उतरली. झाकण काढून गाडीच्या टपावर ठेवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून काखेत मारलं.

"आवाज मोठा कर," ती म्हणाली. "आणि गाडी ने."

"कुठे?"

"सरळ. हळूहळू. मी इथे उभी राहून ऐकते. माणूस घरातून निघाला की दारात उभं राहतो ना आपण, दिसेनासा होईपर्यंत. तेवढं करू दे मला."

मी आवाज मोठा केला. नवीन गाणं लागलं होतं. बाबा शिट्टीवर म्हणायचे ते, मला लहानपणापासून येतं, म्हणजे चाल येते. मी गाडी पुढे घेतली. आरशात आई होती, पातेलं छातीशी धरलेली. एखादीने दुधाच्या रांगेत उभं राहावं तशी.

मला वाटलं होतं, निदान त्या पुढच्या खांबापर्यंत तरी जाईल. फोन आणि स्टिरिओ किती लांबून एकमेकांना ऐकतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चार-पाच गाड्या लागतील एवढं अंतर झालं असेल नसेल, गाणं अडखळलं. एक शब्द आला, एक गळला. पुन्हा अर्धा आला. निळ्या पट्टीवर 'मालक' होतं, मग नव्हतं. मग 'शोधत आहे'.

एवढंच? आई तर अजून अगदी जवळ होती. तिच्या काखेतलं झाकण चमकताना दिसत होतं. हे काय दिसेनासं होणं झालं? उंबरठ्यावरच माणूस गायब.

मग मी गायला लागलो.

मी वाईट गातो. लॅबमध्ये मी गुणगुणलो की साहेब कवळ्या घासायचं यंत्र सुरू करतात. पण खिडकीतून डोकं बाहेर काढून, जेवढा निघेल तेवढ्या आवाजात, तुटलं होतं तिथून ते गाणं मी पुढे नेलं. पहिलं कडवं संपेपर्यंत शब्द आठवले, पुढे नुसतं ला-ला. खांब गेला, गोदामाचं फाटक गेलं. एक कुत्रं उठून बसलं आणि माझ्याकडे पाहत राहिलं. मी गाडी हळू चालवत, आवाज हळूहळू बारीक करत वळणापर्यंत गेलो, वळलो, आणि भिंतीआड थांबलो. गाणं तिथे संपवलं. पूर्ण. मग जरा वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो, कारण घसा दुखत होता.

परत आलो तेव्हा आई तिथेच उभी होती. पातेल्यातल्या फोनची काच काळी होती. कधी दाबलं ते मी विचारलं नाही. ती आत बसली, पातेलं पायाशी ठेवलं, झाकण नीट बसवलं.

"गेले?" मी विचारलं.

"हो. वळणापर्यंत ऐकू येत होते."

मी गिअर टाकला. ती खिडकीबाहेर बघत होती, डोळ्यांतलं पुसतही नव्हती.

"शेवटी शेवटी फार बेसूर झाले रे," ती म्हणाली.

"थकले असतील," मी म्हणालो.