सह्यांची होडी

मी होडी बोलतेय. होडीनं पाण्यावरून बोलावं हे खरं. पण मी फ्यूझेश गावाच्या चौकात, चर्चसमोर असते. इथून नदी दिसतसुद्धा नाही.

मला देनेश नावाच्या कोळ्यानं बांधलं. ओकच्या फळ्या सावलीत वाळवल्या, सांध्यांतून पाणी शिरू नये म्हणून वाख ठोकला आणि वरून डांबर चढवलं. त्याची दोन मुलं, कालमान आणि पिरोश्का, माझ्यातच लहानाची मोठी झाली. कालमान वल्हवायचा आणि धाकटी पिरोश्का पुढे बसून त्याच्या चुका काढायची. देनेश गेल्यावर मी कालमानची झाले. पिरोश्का गावात टपाल वाटू लागली, पण रविवारी तिच्या चुलीवर भावानं धरलेल्या माशांचं लालभडक पाप्रिका मिरचीचं सार असायचंच. पाहुणे त्याचा रंग बघून आधी बिचकायचे आणि मग पुन्हा वाढून घ्यायचे.

आमची नदी शेजारच्या देशातून येते. तिथे डोंगरात एक खाण आहे. एका फेब्रुवारीत त्या खाणीच्या विषारी गाळाचा बांध फुटला. पाणी आलं ते नेहमीसारखंच दिसत होतं. मासे मात्र पोटं वर करून आले. कालमाननं ते जाळ्यानं ओढून माझ्यात भरले. आयुष्यात मी तेवढी कधी भरले नव्हते. काठाला लागल्यावरही तो उतरला नाही. वल्ही मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. मग मला वाळुंजाच्या झाडाखाली पालथी घातली, आणि मी वर्षानुवर्षं तशीच पडून राहिले.

गावानं तक्रारी केल्या. राजधानीतले साहेब म्हणाले, खाण पलीकडच्या देशातली आहे, आम्ही काय करणार? पलीकडचे म्हणाले, मासे मेले ते तुमच्या हद्दीत. माणसांच्या हद्दी मला कधी कळल्या नाहीत. मी पाण्यावर असताना एकही दिसली नव्हती.

पिरोश्का नोकरीतून निवृत्त झाली आणि तिच्या कानावर एक गोष्ट आली. निरनिराळ्या देशांतल्या साध्या माणसांनी मिळून युरोपकडे एक मागणी मांडली होती: नदीच्या उगमाशी जो खाण चालवील, त्यानं खाली समुद्रापर्यंतच्या पाण्याची जबाबदारी घ्यावी, मग मध्ये कितीही देश येवोत. वर्षभरात दहा लाख सह्या झाल्या, तर ब्रसेल्सला बसलेल्या युरोपच्या कारभाऱ्यांना उत्तर देणं भाग होतं. पिरोश्का भावाकडे आली.

"दादा, होडी दे. नुसतं टेबल मांडलं तर लोक वळसा घालून जातात. होडी बघून थांबतील."

"ने," कालमान म्हणाला. "पण माझी सही मागू नकोस."

का, ते तिनं विचारलं नाही. कालमानचा एकुलता एक मुलगा झोल्ट सीमेपलीकडच्या मुलीशी लग्न करून तिकडेच राहिला होता. त्याच खाणीत ट्रक चालवत होता.

पिरोश्कानं मला बाजाराच्या दिवशी चौकात पालथी घातली आणि माझ्या पाठीवर कागद मांडले. लोक खरंच थांबले. कुणी आधी माझ्या फळीवर टकटक करायचे, मग नाव लिहायचे. ज्यांना बिलकूल वेळ नव्हता, ते वेळ नसल्याचं अर्धा तास समजावून सांगायचे. ओळखपत्राचा नंबर लिहायचा म्हटल्यावर काहींचा हात थबकायचा. तरी कागद भरत गेले.

पण एकाच देशातल्या सह्यांवर भागणार नव्हतं. मला गाडीमागे बांधून पिरोश्का गावोगाव हिंडली. शेवटी तिनं खाणीच्या गावाला जायचं ठरवलं. कालमान तिला एवढंच म्हणाला होता, की सगळीकडे जा, तिथे जाऊ नकोस. ती गेली. तिला वाटलं, त्या गावच्या सह्यांचं वजन वेगळं पडेल. वाटणं चूक नव्हतं.

तिथे दुपारपर्यंत कुणी जवळ आलं नाही. लोक दुकानांच्या काचांआडून बघत होते. मग कामाच्या कपड्यांतच झोल्ट आला. पिरोश्कानं हळूच त्याला घरी जायला सांगितलं.

"आत्या, आमच्या विहिरीचं पाणी आम्ही पोरीला पाजत नाही," तो म्हणाला. "विकत आणतो. तेव्हा सही करायला माझी हरकत काय?"

"तुझ्या बापाला मी काय सांगू?"

"तू नको सांगूस. मी सांगेन."

त्यानं सगळ्यांदेखत सही केली. मग एक म्हातारी आली, मग दोघं-तिघं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीवर कोपर टेकायला जागा उरली नाही. पिरोश्काला इतकं खूश मी तिच्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

महिना संपला तेव्हा झोल्टला खाणीत पुढचं काम मिळालं नाही. कारण कुणी दिलं नाही आणि विचारायची गरजही कुणाला वाटली नाही. तो दूर परदेशी ट्रक चालवायला गेला. पोरीला आता नाताळातच भेटतो.

दहा लाख सह्या झाल्या. ही बातमी सांगायला पिरोश्का भावाच्या दारात गेली. मी तिच्या मागे, गाडीला बांधलेली होते.

"तुला दहा लाख माणसं मिळाली, पिरी," कालमान म्हणाला. "माझं पोर एकच होतं."

त्यानं दार लावलं, जोरात नाही. त्या दिवसापासून ती दोघं बोलत नाहीत.

पिरोश्का ब्रसेल्सला जाऊन मोठ्या सभागृहात बोलून आली. पुढे लेखी उत्तर आलं. तिनं ते चौकात, माझ्याजवळ उभं राहून वाचलं. विषय गंभीर आहे, कायदे आधीच आहेत, ते पुरेसे आहेत का हे तपासलं जाईल. बेकरीवाल्यानं विचारलं, "म्हणजे हो की नाही?" पिरोश्कानं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि म्हणाली, "विचार करणार आहेत."

ते अजून विचार करताहेत. ग्रामपंचायतीनं माझा मान राखायचा म्हणून मला सुलटी केली, पाणी निचरावं म्हणून तळाला भोकं पाडली, माती भरली आणि पिटुनियाची फुलं लावली. नदीत आता बारीक मासे परतलेत म्हणे. मला कुणी तिथे नेलं तर मी बुडेन.

सकाळी चौकात वर्दळ व्हायच्या आत कालमान झारी घेऊन येतो. कुणी फुलांना पाणी घालत नाही, म्हणून पुटपुटतो आणि भरपूर पाणी घालतो. संध्याकाळी पिरोश्का येते. तीही तेच पुटपुटते आणि तेवढंच पाणी घालते. माझी माती कधी वाळत नाही. फुलांची मुळं कुजायला लागलीत.

सह्या केलेले पुष्कळजण रोज माझ्या शेजारून जातात. त्यांच्याकडे माझं आता नदीविषयी मागणं नाही. ते त्यांनी लिहून दिलंय. तुमच्यापैकी कुणीतरी एकानं त्या दोघांतल्या एकाला जाऊन फक्त एवढं सांगावं, की फुलांना पाणी मिळतं, आणि कोण घालतं ते.