माठाखालून पुन्हा चाकावर

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. पेनात असते तेवढीशी नव्हे. मी अंगठ्याएवढ्या जाड सळईची, एका मोटारीच्या मागच्या डाव्या चाकावर बसणारी. मध्ये काही आठवडे मी लातूरच्या एका स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाखाली काढले. तिथे कशी गेले आणि परत कशी आले, तेवढंच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादी सळई लालभडक तापवून वेटोळी केली, तेलात बुडवली, वर काळा रंग दिला. मग एका यंत्राने मला पार दाबलं आणि सोडलं. मी होते तेवढीच पुन्हा झाले, म्हणून पास. माझी जुळी बहीणही पास झाली. ती उजव्या चाकावर बसली, मी डाव्या. पुढच्या चाकांवर आणखी दोघी होत्या. आमचं काम साधं. चाक खड्ड्यात गेलं की दबायचं, मोकळं व्हायचं, आणि आतल्या माणसापर्यंत खड्डा जमेल तेवढा कमी पोहोचवायचा. शेजारी शॉकअप असतो. आम्ही उड्याच मारत बसू नये म्हणून तो आम्हाला आवरतो.

दोन मालक झाल्यावर आमची गाडी लातूरच्या व्यंकटकडे आली. तो एका औषध कंपनीत होता. डॉक्टरांना भेटायला अहमदपूर, लोहा, नायगाव, नांदेड असा हिंडायचा. गाडी बुटकी, लांबट, पळायला चपळ. त्याचा तिच्यावर फार जीव. फक्त अहमदपूरच्या पुढच्या वळणांवर ती एका अंगाला कलली की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. रस्त्याला चिकटून वळणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ तो जेवताना बघायचा. शेवटी नांदेडच्या एका गॅरेजात त्याने गाडी उभी केली.

गॅरेजवाल्या गफूरभाईंनी आधी विचारलं, "गाडीत बसतंय कोण कोण, साहेब? डिकीत वजन किती ऱ्हातंय? त्या हिशोबानं स्प्रिंग घालतो."

"मी एकटाच असतो. मागं एक बॅग."

तो खोटं बोलला नाही. आठवडाभर तो एकटाच असायचा. रविवार त्याच्या लक्षातच आला नाही.

आम्हा चौघींना काढून तिथे आखूड, कडक स्प्रिंगा बसल्या. शॉकअपही नवे आले. गाडी चांगली चार बोटं खाली बसली. व्यंकट एक फेरी मारून आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. गाडी खरंच सुरेख वळत होती, ते नाकारून काय करू? आम्हाला पोत्यात घालून त्याने घरी आणलं.

मित्रांनो, हे सगळं लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या सालातलं. नळ कोरडे होते. टँकर कधी यायचा, कधी नुसती बातमी यायची. पाहुणे यायचे तर हातात केळी-बिस्किटं नसायची, पाण्याचा कॅन असायचा. आणि आम्ही पोत्यातून बाहेर आलो, तोच व्यंकटच्या आईची, सरजाबाईंची नजर आमच्यावर पडली.

"माठ लई डुगडुगतंय. ही खाली घालते. बरी गोल हाय."

अशी मी माठाखाली गेले. माझी बहीण शेजारच्या रत्नम्मांनी त्यांच्या माठाखाली नेली. पुढच्या दोघी माळ्यावर गेल्या. रत्नम्मा उदगीरच्या. उदगीर जिल्हा होणार, असं तेव्हा जो तो बोलत होता, आणि रत्नम्मा तर ते झालंच असं धरून चालायच्या. "आमचं जिल्हा होऊ द्या, मग बघा, पाणी आम्हीच देतो तुम्हाला," असं त्या सरजाबाईंना चिडवायच्या.

माठाखाली काम हलकं होतं. माठ भरला की मी केसभर दबायचे, उतरला की केसभर वर यायचे. घरात पाणी किती उरलं, ते मला न बघता कळायचं. व्यंकटची बायको महानंदा मात्र रोज वाकून मला बघायची. तिची मुलगी मैनू नुकती चालायला लागली होती, आणि तिला माझ्या फटींत बोटं घालायचा नाद होता. महानंदाने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मला वरपासून खालपर्यंत गुंडाळलं. वर दोन गाठी मारल्या. पुन्हा येऊन त्या ओढून बघितल्या.

दर रविवारी सगळे गाडीने सरजाबाईंच्या माहेरी, लोह्याच्या बाजूला जायचे. तिथल्या बोअरला अजून पाणी होतं. जाताना गाडी हलकी, येताना डिकीत कॅन, मागच्या सीटवर दोन बायका आणि मांडीवर मैनू. पहिल्या रविवारी गाडीचं बूड गतिरोधकावर घासलं. दुसऱ्या रविवारी चाक आतून घासल्याचा वास आला. महानंदा बोलली. "सावकाश चालवतो ना," असं व्यंकट म्हणाला.

पुढच्या रविवारी ते उशिरा आले, दुसऱ्याच्या जीपमधून. सरजाबाईंचा पदर ओला होता. मैनूच्या कपाळावर टेंगूळ होतं. त्या दिवशी माठ भरला नाही. मी दबलेच नाही.

काय झालं ते मी महानंदाच्या तोंडून ऐकलं. ती रत्नम्मांना सांगत होती. वळणावर खड्डा आला. गाडी आधीच पाण्याने दबलेली, तिला आणखी दबायला जागाच नव्हती. मागचं अंग उसळून बाजूला सरकलं, चाक आत घासून टायर फुटला आणि गाडी रस्ता सोडून वाळल्या रानात जाऊन थांबली. डिकीतले बहुतेक कॅन फुटले.

"रान वाळलेलं होतं म्हणून थांबली," सरजाबाई म्हणाल्या.

"पोरगी वाचली, ते बघा आधी," रत्नम्मा म्हणाल्या.

व्यंकट दारात उभा होता. "आता एकदम हळू जाईन. चाळीसच्या वर न्हाई."

महानंदाने मैनूला कडेवर घेतलं. "मी आन् मैनू आता त्या गाडीत बसत न्हाई. पाणी आणा, नका आणू." मग तिने विचारलं, "गॅरेजवाल्यानं काहीच इचारलं न्हाई का, गाडीत कोण बसतं म्हणून?"

"इचारलं."

"मग?"

"एकटाच असतो म्हणालो."

"आन् आम्ही?"

व्यंकट दारातून आत आला. माठातलं उरलेलं पाणी त्याने दोन पातेल्यांत ओतलं, थेंब सांडू न देता. मग माठ उचलून मला बाहेर काढलं आणि पट्टीच्या गाठी सोडवल्या. माझ्या बहिणीसाठी तो शेजारी गेला.

रत्नम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अय्यो! आमच्या माठाला बूड न्हाई का?"

"मावशी, बदल्यात दुसरी देतो. नवी कोरी हाय."

"चालंल. पण उदगीर जिल्हा झालं की पहिल्या दिवशी ह्याच गाडीतून मला न्यायचं. मागच्या सीटवर."

"हाव, मावशी."

नांदेडला गफूरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. शॉकअप नवेच राहू दिले, स्प्रिंगा आम्ही जुन्या चौघी परत घातल्या. त्या आखूड स्प्रिंगा लातूरला आल्या. एक सरजाबाईंच्या माठाखाली, एक रत्नम्मांच्या. "बुटकी हाय, पण हालत न्हाई," असं रत्नम्मांनी तिचं कौतुक केलं. तेही खरंच आहे. ती वाईट नव्हती, तिला जागा चुकीची मिळाली होती.

मित्रांनो, आवडीची वस्तू जरूर सुधारा. चांगली चालणारी गाडी कोणाला नको असते? पण कोणी विचारलं, "बसतंय कोण कोण?" तर आधी घरातली सगळी माणसं आठवा. लहानात लहानसुद्धा.

त्यानंतरच्या रविवारी महानंदा गाडीशी येऊन थांबली. वाकून तिने चाकाच्या वरची फट बघितली. चार बोटं घालून बघितली. मग मैनूला घेऊन मागे बसली. सरजाबाई बसल्या. येताना डिकीत पाणी भरलं आणि मी चांगलीच दबले. मैनूचं वजन तेवढं वेगळं काही मला कळलं नाही. पण ते वळण आलं, आणि ते येण्याच्या पुष्कळ आधी व्यंकटचा पाय ब्रेकवर गेला होता.